दोन वायफायच्या फाट्यावर : प्रस्तावना

एका लॅपटॉपला एकाच वेळी दोन वायफाय जोडलेली असताना जो बिघाड होतो, तो सहसा नेट बंद पडल्याचा नसतो. दोन्ही नेटवर्क आपापल्या जागी चालू असतात, दोन्हींची रेंज पूर्ण दिसते, आणि तरी पान उघडत नाही, प्रिंट निघत नाही, किंवा अर्धा भरलेला अर्ज अचानक लॉगिनच्या पानावर परत येतो. अशा वेळी पहिला शब्द निघतो तो ‘सर्व्हर डाऊन’. कधी तो खराही असतो. पण लॅपटॉपवर दोन जोडण्या असतील तर आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : लॅपटॉपमधून निघालेली माहिती नेमकी कोणत्या वाटेने बाहेर पडते आहे? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की बहुतेक दोष सापडतात.

दोन वायफाय एकदम लावण्याची गरज हदगावसारख्या तालुक्याच्या गावी नेहमी पडते. नांदेडहून अर्धापूर, वारंगा फाटा करत उमरखेड-यवतमाळकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर हे गाव आहे. तहसील, पंचायत समिती, बाजार समिती आणि बँका इथे असल्यामुळे तामसा, निवघा, मनाठा अशा गावांतली माणसे कागदपत्रांच्या कामाला इथेच येतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा ही सगळी कामे आता ऑनलाइन झाली आहेत. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विमा सुरू केला, तेव्हा जुलैअखेरीस सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या या भागाला नव्याने सांगायला नकोत. त्या दिवसांत नेट एक तास थांबणे म्हणजे दहा-वीस शेतकऱ्यांची खेप वाया जाणे.

अशा एखाद्या सेवा केंद्राचे टेबल नजरेसमोर आणावे. भिंतीवर राउटर असतो, त्यात फायबरचे नेट येते. त्याच राउटरच्या वायफायवर प्रिंटर असतो आणि शेजारच्या टेबलावरचा दुसरा संगणकही. रस्त्याच्या कामात फायबर तुटते, किंवा वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो पण पुढचे कुठले तरी यंत्र बंद पडते. मग केंद्रचालक मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो आणि लॅपटॉप त्याला जोडतो. पान उघडते, अर्ज भरला जातो, पावतीचा क्रमांक येतो. आणि प्रिंटची आज्ञा दिली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, कारण तो राहिला राउटरच्या वायफायवर. पुन्हा राउटर जोडावा, प्रिंट काढावी, पुन्हा हॉटस्पॉटवर यावे. दहाव्या अर्जाला कंटाळून बाजारातून एक छोटा यूएसबी वायफाय डोंगल आणला जातो आणि लॅपटॉपला दुसरा रेडिओ मिळतो. आता राउटर एकावर, हॉटस्पॉट दुसऱ्यावर. तोडगा बरोबर आहे. पण इथून पुढे ज्या अडचणी येतात त्यांची कल्पना डोंगलच्या खोक्यावर कुठेच छापलेली नसते.

लॅपटॉपमधले वायफाय कार्ड साधारणपणे एका वेळी एकाच नेटवर्कला जोडले जाते. काही नव्या कार्डांवर आणि विंडोज ११ मध्ये एकाच कार्डाने दोन जोडण्या ठेवण्याची सोय आहे, पण ती सगळ्या यंत्रांत मिळत नाही. बहुधा दुसरे नेटवर्क येते ते डोंगलमधून, मोबाइल यूएसबी केबलने जोडून केलेल्या टेदरिंगमधून किंवा क्वचित ब्लूटूथमधून. केबलने जोडलेला मोबाइल लॅपटॉपला ‘वायफाय’ म्हणून दिसत नाही. तो तारेचे नेटवर्क म्हणून दिसतो. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच तपासून घ्यावी. अनेक अँड्रॉइड फोन स्वतः वायफायवर असतानाही हॉटस्पॉट देऊ शकतात. खिशातला फोन जर केंद्राच्याच राउटरला जोडलेला असेल, तर लॅपटॉपवर दोन वेगळी नावे दिसतात, पण दोन्ही वाटा त्याच तुटलेल्या फायबरपाशी जाऊन थांबतात. फोनवरचे वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू आहे की नाही, हे पाहायला दहा सेकंद लागतात, आणि न पाहिल्याने अर्धा दिवस जाऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा वाटेचा. नांदेडहून निघालेली गाडी वारंगा फाट्यावर येते, तिथून एक रस्ता हिंगोलीकडे आणि दुसरा हदगावकडे जातो. गाडीने कुठे वळायचे हे पाटीवरून ठरते. लॅपटॉपच्या आतही असाच एक फाटा आहे. त्याला मार्गांचा तक्ता म्हणावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘राउट प्रिंट’ ही आज्ञा दिली की तो समोर येतो. त्यातल्या सगळ्यात वरच्या ओळी पाहाव्यात, जिथे ०.०.०.० असे लिहिलेले असते. ‘ज्या ठिकाणाचा पत्ता इथे वेगळा दिलेला नाही, त्या सगळ्यांसाठी ही वाट’ असा त्या ओळीचा अर्थ. एक नेटवर्क असेल तर अशी ओळ एक असते, दोन असतील तर दोन. मग लॅपटॉप शेवटच्या रकान्यातला आकडा पाहतो. त्याला मेट्रिक म्हणतात. ज्या ओळीचा आकडा लहान, ती वाट जिंकते.

खरी मेख या आकड्यात आहे. तो लॅपटॉपने स्वतःच ठरवलेला असतो, आणि ठरवताना पाहिलेला असतो फक्त लॅपटॉपपासून राउटरपर्यंतच्या जोडणीचा प्रकार आणि वेग. राउटरच्या पुढे नेट आहे की नाही, याचा त्या हिशेबाशी संबंध नसतो. समजा, भिंतीवरच्या राउटरशी ५ गिगाहर्ट्‌झवर ४३३ मेगाबिटची जोडणी झाली आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये तिचा आकडा ३५ येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटशी २.४ गिगाहर्ट्‌झवर ७२ मेगाबिटची जोडणी आहे. तिचा आकडा ५०. फायबर सकाळीच तुटले आहे, नेट फक्त मोबाइलवर आहे, तरी लॅपटॉप राउटरची वाट निवडू शकतो, कारण ३५ हा ५० पेक्षा लहान. फाट्यावर रस्ता रुंद आणि गुळगुळीत दिसतो म्हणून गाडी तिकडे वळवावी, आणि पुढे पैनगंगेच्या पुलावरून पाणी वाहत असावे, तसा हा प्रकार आहे. वायफायच्या चिन्हावरच्या भरलेल्या रेघाही एवढेच सांगतात की राउटरचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. नेटविषयी त्या काही सांगत नाहीत.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो केंद्रचालकाला स्वतः करता येतो. नेटवर्क कनेक्शनच्या खिडकीत त्या त्या कार्डाच्या आयपीव्ही४ गुणधर्मांत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’वरची खूण काढावी. ज्या वाटेने नेट हवे तिला लहान आकडा द्यावा, समजा १०. दुसरीला मोठा, समजा १००. अशाने प्रिंटरचे काही बिघडत नाही. तक्त्यात प्रत्येक नेटवर्कच्या घरच्या पत्त्यांसाठी एक स्वतंत्र ओळ असतेच, आणि नेमक्या पत्त्याची ओळ सर्वसाधारण ओळीच्या आधी मानली जाते. त्यामुळे प्रिंटरला जाणारी माहिती राउटरकडे जाते आणि बाकी सगळी मोबाइलकडे. राउटरकडून फक्त प्रिंटरच हवा असेल तर त्या कार्डाला हाताने पत्ता देऊन गेटवेचा, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा, रकाना कोरा ठेवणे हा त्याहूनही पक्का उपाय. लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर तारेच्या जोडणीला १०० आणि वायफायला ६०० असा आकडा आपणहून देतो. मॅकमध्ये आकड्यांऐवजी सेवांचा क्रम वर-खाली करायचा असतो. विंडोजमध्येही केबलने जोडलेला मोबाइल सहसा वायफायच्या पुढे जातो. म्हणूनच हॉटस्पॉटवर अडलेले काम केबल लावताच सुरू होते, आणि श्रेय केबलला मिळते.

मेट्रिक बरोबर असूनही प्रिंटर सापडत नसेल तर पत्त्यांचा घोळ पाहावा. घरगुती आणि कार्यालयीन नेटवर्कांसाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवलेले आहेत. १९९६ मध्ये ठरलेली ही व्यवस्था जगभर चालते. १९२.१६८ ने सुरू होणारा गट त्यांतला सगळ्यांत परिचित. हे पत्ते कोणीही, कितीही ठिकाणी वापरावेत अशीच त्यामागची योजना आहे, आणि एका घरात एकच नेटवर्क असते तोवर ती उत्तम चालते. पण अनेक राउटर आणि खिशात मावणारी हॉटस्पॉट यंत्रे कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. लॅपटॉपवर अशी दोन एकदम जोडली की १९२.१६८.१.५ वरचा प्रिंटर या बाजूचा की त्या बाजूचा, हे त्याला ठरवता येत नाही. एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावे असली तर आपल्याकडे एकाला बुद्रुक आणि दुसऱ्याला खुर्द म्हणतात आणि टपाल बरोबर पोचते. या पत्त्यांना बुद्रुक-खुर्दची सोय नाही. ती आपणच करावी लागते : एका राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काही तरी वेगळा करून घ्यावा. त्या राउटरवरची यंत्रे एकदा बंद करून चालू केली की नवे पत्ते घेतात. प्रिंटरला हाताने पत्ता दिलेला असेल तर तो मात्र स्वतः बदलावा लागतो, नाही तर एक दोष काढताना दुसरा घातला जातो.

‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेने दोन्ही कार्डांचे पत्ते एका ओळीखाली एक दिसतात, तेव्हा आणखी एक गोष्ट कळते. एखाद्या कार्डासमोर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या नेटवर्कने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. लॅपटॉपने स्वतःची तात्पुरती सोय केली आहे. तिथे मेट्रिक बदलून काही होणार नाही. जोडणी सोडून पुन्हा जोडावी, राउटर एकदा बंद करून चालू करावा.

तिसरा दोष नावांचा. माणूस संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, यंत्राला लागतो आकड्यांचा पत्ता, आणि नावावरून पत्ता काढून देणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. प्रत्येक नेटवर्क स्वतःचा डीएनएस सोबत आणते. विंडोज ८ पासून एकाहून अधिक जोडण्या असतील तर हा प्रश्न सगळीकडे एकदम विचारला जातो, आणि त्यातून गोंधळ होऊ शकतो : नाव एका नेटवर्कने सांगितले, माहिती मात्र दुसऱ्याने न्यायची. एका कंपनीचा डीएनएस दुसऱ्या कंपनीच्या वाटेने आलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही असेही होते. ओळख सोपी आहे. पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा म्हणजे ‘पिंग’. ‘पिंग ८.८.८.८’ या बाहेरच्या पत्त्याला उत्तर येते पण कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, तर वाट बरोबर आहे आणि बिघाड नावांत आहे. (आज्ञा देताना आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करावेत.) दोन्ही कार्डांना एकच सार्वजनिक डीएनएस नेमून दिला की हा दोष बहुधा जातो.

अर्ज भरताना मध्येच बाहेर फेकले जाण्याचा अनुभव सगळ्यांत जास्त त्रास देतो, कारण त्यात समोर बसलेल्या माणसाचा ओटीपीही वाया जातो. त्याचे कारण असे. संकेतस्थळाशी झालेली प्रत्येक जोडणी चार गोष्टींनी ओळखली जाते : दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक. फायबरमधून गेलेला लॅपटॉप बाहेरच्या जगाला एका पत्त्याने दिसतो, मोबाइलमधून गेलेला दुसऱ्या. हॉटस्पॉटची रेंज क्षणभर गेली आणि लॅपटॉप दुसऱ्या वाटेवर गेला, की चालू जोडणी तुटते आणि नवी वेगळ्या पत्त्याने सुरू होते. बँका आणि काही सरकारी पोर्टल अशा बदलाकडे संशयाने पाहतात आणि लॉगिन रद्द करतात. सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच आहे. म्हणून पैसे भरणे, आधारची पडताळणी किंवा ओटीपी असलेले काम करताना एकच वाट ठेवावी, दुसऱ्या कार्डाचा गेटवे काढून टाकावा.

दोन नेट जोडली की वेग दुप्पट होतो, हा समजही इथेच दूर करायला हवा. एक जोडणी एकाच वाटेने जाते. तिचे तुकडे करून दोन वाटांनी पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जुळवायचे, तर पलीकडच्या यंत्राचीही तशी तयारी लागते. तशा पद्धती आहेत, पण नेहमीच्या पोर्टलवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. दुप्पट होते ते फक्त बिल. हॉटस्पॉटच्या वाटेने विंडोजचे अपडेट उतरू लागले तर दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपू शकतो. त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण केली की लॅपटॉप हात आखडता घेतो.

रेडिओच्या बाजूचे दोष कमी असतात, पण ते सापडायला वेळ लागतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना खुला आहे, आणि वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस सगळे त्याच पट्ट्यात बोलतात. चॅनेल एकमेकांपासून पाच मेगाहर्ट्‌झवर आहेत आणि एका वायफायला वीस मेगाहर्ट्‌झची रुंदी लागते, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच उरतात. आतले कार्ड आणि बोटभर अंतरावर खोचलेला डोंगल दोघेही याच पट्ट्यात असले तर एक बोलताना दुसऱ्याला ऐकू येत नाही. यूएसबी ३ च्या पोर्टातून आणि त्यावर लावलेल्या हार्ड डिस्कमधूनही याच पट्ट्यात आवाज उठतो. डोंगल फूटभर केबलने लांब ठेवावा किंवा एक जोडणी ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावी. राउटर ५ वर आणि हॉटस्पॉट २.४ वर ही विभागणी सहसा निभावते.

यापैकी कोणता दोष आहे हे ओळखण्याचा क्रम ठरलेला असावा, कारण रांग समोर असताना माणूस एकदम चार गोष्टी बदलतो आणि मग कशाने काय झाले ते कळत नाही. आधी हॉटस्पॉट तोडून फक्त राउटर ठेवावा आणि पान उघडून पाहावे. मग राउटर तोडून फक्त हॉटस्पॉट. दोन्ही एकेकटे चालत असतील आणि एकत्र असताना अडत असतील, तरच दोष वाटेचा, पत्त्याचा किंवा नावाचा. मग दोन्ही जोडून जवळून लांब जावे : पहिला पिंग राउटरच्या पत्त्याला, दुसरा हॉटस्पॉटच्या गेटवेला, तिसरा बाहेरच्या आकड्याला, चौथा नावाला. जिथे पहिल्यांदा उत्तर थांबते तिथे शोध सुरू करावा. त्यानंतर ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा दिली की पहिल्याच ओळीत जो पत्ता येतो, तोच माहितीचा खरा पहिला मुक्काम. तो राउटरचा आहे की मोबाइलचा, हे पाहिले की सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. विंडोजचा स्वतःचा कल एकाच वेळी फार जोडण्या न ठेवण्याकडे असतो; त्यामुळे एखादे वायफाय आपोआप सुटले तर लगेच डोंगलला दोष देऊ नये.

दोन नेटवर्क एका लॅपटॉपवर आली की त्यांच्यामध्ये तो लॅपटॉप दार होऊन बसतो, आणि केंद्राच्या लॅपटॉपमध्ये लोकांची आधार कार्डे, पासबुके, सातबारे साठवलेले असतात. म्हणून दोन्ही कार्डे निवडून ‘ब्रिज’ करण्याचा पर्याय दिसला तरी वापरू नये. त्याने दोन्ही नेटवर्क एक होतात. बाहेरच्या कोणत्याही वायफायला ‘पब्लिक’ हीच खूण असू द्यावी, म्हणजे शेअर केलेली फोल्डरे तिकडून उघडी दिसत नाहीत. विश्वासाने दिलेल्या कागदांच्या बाबतीत ‘कोण बघतंय’ हे उत्तर चालत नाही.

आणि मुळात, ज्या केंद्रात प्रिंटर साध्या यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडता येतो, तिथे दोन वायफायची गरजच उरत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलने वरचे निम्मे प्रश्न मिटतात. जिथे दोन-तीन संगणकांना एकच प्रिंटर आहे, तिथे मोबाइल किंवा सिमचा डोंगल थेट राउटरलाच लावता येईल असा राउटर घ्यावा. मग फायबर तुटले तरी वाट राउटर बदलतो, आणि लॅपटॉपवर वायफाय एकच राहते. लॅपटॉपवर दोन जोडण्या हा अडचणीच्या दिवसांचा मार्ग आहे, कायमची व्यवस्था नाही.

तोवर एक काम प्रत्येक केंद्रचालकाने नेट सुरळीत असतानाच करून ठेवावे. राउटरचा पत्ता, प्रिंटरचा पत्ता, हॉटस्पॉटचा गेटवे आणि दोन्ही कार्डांचे मेट्रिक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो टेबलाशेजारच्या भिंतीवर चिकटवावा. हॉटस्पॉटचा गेटवे काही नव्या फोनांत बदलत राहतो, तेवढा पेन्सिलीने लिहावा.